हॉल १० बाय १४, कूलर चालू, बजेट २५ हजार

आजचा भाग स्पीकरवर आहे. तुमच्यातले निम्मे हा भाग मोबाइलच्या स्पीकरवर ऐकताय आणि उरलेले इअरफोनवर, त्यामुळे मी काही वाजवून दाखवणार नाही. नुसतं बोलणार आहे.

दिग्रसमधूनच एका श्रोत्याचा मेसेज आला. थोडक्यात सांगतो. होम थिएटर घ्यायचंय, बजेट २५ हजार, ताणून ३०. हॉल १० बाय १४ फूट. घरात पाच माणसं. बाबांना सिरियलमधलं बोलणं नीट कळत नाही म्हणून टीव्हीचा आवाज कायम चाळीसवर. दुकानदार म्हणतो ५.१ घ्या, १००० वॅटचं. यूट्यूबवाले म्हणतात साउंडबार घ्या. आता काय घेऊ?

असे मेसेज बरेच येतात आणि त्यात बजेट असतं, टीव्हीचे इंच असतात, सगळं असतं. पण या मेसेजमधली सगळ्यात कामाची ओळ बाबांची आहे. ती ओळ नसती तर मी चार मॉडेलं सांगून मोकळा झालो असतो. त्या ओळीमुळे प्रश्नच बदलतो. या घराला सिनेमा दणक्यात वाजायला नकोय. या घराला शब्द ऐकू यायला हवेत. आणि राजेहो, या दोन गोष्टी बऱ्याचदा एकमेकींच्या विरुद्ध जातात.

कशा, ते बघू. माझ्यामागे तीन शब्द म्हणा. साप. ताप. थाप. तिन्हींत 'आ' आहे, तिन्हींच्या शेवटी 'प' आहे. फरक फक्त सुरुवातीच्या एका व्यंजनाचा. आता गंमत अशी, की शब्दातला मोठा आवाज, ताकद, ही 'आ'मध्ये असते आणि तो खालच्या पट्टीत असतो. अर्थ ज्याच्यावर ठरतो तो 'स' किंवा 'त' अगदी बारीक असतो, क्षणभराचा असतो आणि वरच्या पट्टीत असतो, दोन हजार हर्ट्झच्या वर, 'स' तर त्याहून बराच वर. वय झालं की कान आधी वरच्या पट्टीत कमी होतो. म्हणून म्हातारी माणसं "आवाज येतो रे, पण काय म्हणतात ते समजत नाही" असं म्हणतात ना, ते शब्दशः खरं असतं. ते काही हट्ट करत नाहीत. त्यांना 'आ' ऐकू येतो, 'स' नाही.

आता टीव्हीचा आवाज चाळीसवर नेला तर काय होतं? 'स' थोडा वाढतो, पण आधीच मोठा असलेला 'आ'सुद्धा तेवढाच वाढतो. घरातल्या बाकी चौघांचे कान किटतात आणि बाबांना अजूनही अर्धंच कळतं. मग एकजण मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जातो, दुसरी स्वयंपाकघरात, आणि हॉलमध्ये बाबा एकटेच टीव्हीसमोर. स्पीकरच्या नावाखाली खरं तर हा प्रश्न विचारला जातोय.

त्यात आपला टीव्ही. टीव्ही जितका पातळ झाला तितके त्याचे स्पीकर बारीक झाले आणि तोंड खाली नाहीतर मागे झालं. म्हणजे आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. जुन्या डब्ब्या टीव्हीचं चित्र वाईट होतं, पण त्याचा स्पीकर समोर तोंड करून बसलेला असायचा.

आणि त्यात कूलर. पुण्या-मुंबईच्या रिव्ह्यूमध्ये हा शब्द येत नाही, म्हणून मी मुद्दाम आणतोय. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, खिडकीत पत्र्याचा कूलर रात्रंदिवस चालू. त्याचा पंखा, पाण्याची मोटर, पत्र्याची थरथर, हे सगळं मिळून जो सूं आवाज येतो तो जवळून मोजला तर आपल्या साध्या बोलण्याच्या तोडीचा भरतो. मोबाइलवर कोणतंही साउंड मीटर अ‍ॅप टाका आणि मोजा. आकडा अगदी अचूक नसेल, पण कूलर बंद आणि कूलर चालू यातला फरक बरोबर दिसतो. तो सूं आवाज खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, आणि त्यात सगळ्यात आधी बुडतात ते 'स', 'त', 'फ'. म्हणजे बाबांचे जे गेलंय तेच कूलर आणखी घालवतो.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी फुकटातल्या गोष्टी. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'स्पीच' असा काही मोड असेल तर लावून बघा. 'नाइट मोड' असेल तर तोही. त्यात मोठा आवाज दाबला जातो आणि बारीक वर येतो, मग हाणामारी आली की आवाज कमी आणि बोलणं आलं की जास्त, असं रिमोट हातात घेऊन बसावं लागत नाही. बाबांची खुर्ची टीव्हीच्या जवळ आणि कूलरपासून लांब सरकवा. उघड्या मैदानात अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीत भिंतींमुळे थोडा कमी वाढतो, पण वाढतो. कूलरचं स्टँड खिडकीच्या लोखंडाला टेकत असेल तर मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. आणि एकदा कानाची तपासणी. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे, तिथे दाखवून या. कानात मळ साचला असेल तर २५ हजारांचा स्पीकर काय करणार? आणि श्रवणयंत्राची गरज असेल तर ते कळायला पाहिजे. स्पीकर हा त्याला पर्याय नाही.

एवढं करूनही स्पीकर घ्यायचाच आहे, आणि घ्याच, सिनेमा बघायचा आनंद वेगळा. तर आता बाजारात जाऊ.

दुकानात 'होम थिएटर' म्हणून जो संच सगळ्यात पुढे मांडलेला असतो तो असा असतो. एक मोठा डबा, त्याला निळा-लाल लाइट, तो सबवूफर. त्याच्याबरोबर पाच छोटे डबे. मागे ब्लूटूथ, ऑक्स, पेन ड्राइव्ह, एफएम. खोक्यावर लिहिलेलं ५.१. आता विचार करा. ५.१ म्हणजे समोर डावा, उजवा, मधला, मागे दोन, आणि एक खर्जाचा, असे सहा वेगवेगळे आवाज. प्रत्येकात वेगळं काहीतरी. पण ऑक्सच्या वायरीतून येतात किती? दोन. टीव्हीतून ब्लूटूथवर येतात किती? दोनच. मग उरलेले चार कुठून आले? आतल्या सर्किटने त्याच दोनांच्या कॉप्या करून वाटून टाकले. म्हणजे हिरोचा डायलॉग तुमच्या पाठीमागूनपण येतोय. याला सराउंड म्हणत नाहीत, याला गर्दी म्हणतात. आणि ज्या माणसाला आधीच शब्द कळत नाहीत त्याला तोच शब्द पाच दिशांनी, थोड्या थोड्या फरकाने ऐकवला तर आणखी कमी कळतो.

हे तपासायला इंजिनिअर असायची गरज नाही. डबा फिरवा आणि मागे बघा. 'एचडीएमआय एआरसी' किंवा ऑप्टिकल असं भोक आहे का? आणि खोक्यावर 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डीटीएस' डिकोडर असल्याचं स्पष्ट लिहिलंय का? दोन्ही नसेल तर टीव्हीला जोडल्यावर ते ५.१ नाही. कॉम्प्युटरच्या तीन पिना जोडून खरे सहा आवाज देता येतात काही संचांना, पण हॉलमध्ये टीव्हीखाली कॉम्प्युटर कोण ठेवतं.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारा, की आपण बघतो काय? डीडी फ्री डिश, मराठी सिरियल, बातम्या, यूट्यूब. हे जवळजवळ सगळं स्टिरिओ, म्हणजे दोनच आवाज. ओटीटीवरचे सिनेमे आणि बऱ्याच वेब सिरीज ५.१ मध्ये असतात. घरात आठवड्याला एक सिनेमा होत असेल तर मागच्या दोन स्पीकरना आठवड्यातून अडीच तास काम आहे. बाकी वेळ उंदीर त्यांच्या वायरी कुरतडणार.

ब्लूटूथचं आणखी एक. त्यात आवाज थोडा उशिरा पोचतो. टीव्ही तो उशीर भरून काढायचा प्रयत्न करतो, कधी जमतं, कधी नाही. तुम्हा-आम्हाला ओठ आधी आणि शब्द नंतर हे नुसतं खटकतं. पण ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं नकळत ओठ वाचत असतात. त्यांचा हा आधारसुद्धा जातो. म्हणून टीव्हीला स्पीकर वायरनेच जोडायचा. मोबाइलवरची गाणी ब्लूटूथवर खुशाल ऐका.

'डॉल्बी' या शब्दावरून एक आडवाट घेतो, कारण महाराष्ट्रात या शब्दाचं जे झालंय ते जगात कुठे झालं नसेल. सातारा-कोल्हापूरकडे 'डॉल्बी' म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. आपण इकडे डीजे म्हणतो. छातीत धडधड झाली पाहिजे, खिडक्यांच्या काचा वाजल्या पाहिजेत. आणि ज्याच्या नावाने हे चाललंय तो रे डॉल्बी, त्याने १९६५ मध्ये लंडनमध्ये कंपनी काढली ती कशासाठी? टेपमधला सूं असा बारीक आवाज कमी करायला. जुन्या कॅसेट डेकवर 'डॉल्बी एनआर' असं बटण असायचं, ते त्याचंच. म्हणजे माणसाने आयुष्य घातलं गोंगाट घटवण्यात, आणि आपण त्याचं नाव गोंगाटालाच दिलं. सिनेमातला डॉल्बी डिजिटल नंतर आला, १९९२ मध्ये, 'बॅटमॅन रिटर्न्स' या सिनेमापासून.

हे नुसतं गमतीने सांगत नाहीये. आपली स्पीकर पारखायची सवय मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत घडलीय. त्यामुळे दुकानात गेलो की दुकानदार 'झिंगाट' लावतो, बास फुल करतो, आपली छाती हलते आणि आपण खिशात हात घालतो. पण खर्ज जास्त झाला की तो वरच्या बारीक आवाजांना झाकतो. कानाची रचनाच तशी आहे, खालचा मोठा आवाज वरच्या लहान आवाजाला गिळतो, उलटं फारसं होत नाही. म्हणजे ज्या दणक्यावर भाळून तुम्ही संच घेतला, तोच दणका घरी बाबांचा 'स' खाणार.

आणि या स्वस्त संचांत आणखी एक मेख आहे. ते पाच छोटे डबे असतात ना, त्यांच्यातला स्पीकर दोन-अडीच इंचाचा. एवढ्याशा कागदाला खालचा आवाज काढता येत नाही. मग कंपनी काय करते, दीडशे-दोनशे हर्ट्झपर्यंतचं सगळं सबवूफरकडे ढकलते. आता पुरुषाच्या बोलण्याचा तळ असतो साधारण ८५ ते १५५ हर्ट्झ. म्हणजे जब्बार पटेलांचा 'सामना' लावला, १९७५ चा, तेंडुलकरांनी लिहिलेला, तर निळू फुल्यांचे ओठ टीव्हीत, आवाजाची धार टीव्हीच्या बाजूच्या डबीत आणि आवाजाची छाती सोफ्याखालच्या सबवूफरमध्ये. माणूस तीन जागी वाटला गेला! साधारण ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला ओळखता येत नाही, म्हणून चांगल्या सिस्टिममध्ये सबवूफरला तेवढ्याच खालचं काम देतात. पण त्यासाठी समोरचे स्पीकर निदान चार इंचाचे हवेत. दुकानात मोजपट्टी नेली तरी चालेल.

वॅटचं पटकन सांगतो, कारण यावर जेवढं बोलावं तेवढं कमी. पीएमपीओ हा आकडा बघायचासुद्धा नाही. आरएमएस बघायचा. आणि तोही खरा वाटत नसेल तर मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, इतके वॅट. ते यंत्र लाइनमधून खातं किती, हा तो आकडा. गाणं काही सतत कमाल आवाजात नसतं, त्यामुळे हा हिशोब अगदी काटेकोर नाही, पण ५० वॅट खाणारा डबा १००० वॅट देत राहू शकत नाही, एवढं तर नक्की. बरं, लागतात तरी किती? साधारण स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर ८६-८७ डेसिबल आवाज देतो. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. १० बाय १४ च्या हॉलमध्ये तुम्ही रोज जे ऐकता ते एक-दोन वॅटमध्ये होतं. दोन्ही बाजूंना प्रामाणिक वीस-वीस वॅट असले तरी शेजारी दार वाजवतील.

आता खोली. आपला हॉल म्हणजे खाली टाइल्स, चार बाजूंना सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब. उन्हाळ्यात सतरंजीपण गुंडाळून ठेवलेली. मधोमध उभे राहा आणि एक टाळी वाजवा. टाळीनंतर झर्र असा आवाज रेंगाळला तर तुमच्या स्पीकरचा प्रत्येक शब्द तसाच रेंगाळणार आणि पुढच्या शब्दावर सांडणार. याला औषध दुकानात नाही, घरात आहे. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा, आणि बसायच्या जागेच्या मागच्या भिंतीवर एखादी जुनी गोधडी टांगा. आई नाक मुरडेल, पण रंगीत असेल तर चांगली दिसते. बारीक आवाजाचा घोळ याने बराच कमी होतो. खर्जाचा होत नाही, त्याला गोधडी पुरत नाही.

खर्जाचा घोळ खोलीच्या मापातून येतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. गणित केलं तर ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर त्या लांबीत अडकतो आणि घुमतो, आणि १० फुटांच्या बाजूने ५६ च्या आसपासचा. म्हणून एकच गाणं सोफ्यावर बसलं की घुमतं आणि दारात उभं राहिलं की पोकळ लागतं. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की हे सगळं आणखी फुगतं. जागा शोधायची युक्ती जुनी आहे. सबवूफर उचलून तुम्ही बसता त्या जागी ठेवा, खर्जाचं गाणं लावा, आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने रांगत जा. जिथे खर्ज स्वच्छ आणि एकसारखा ऐकू येईल तिथे नंतर सबवूफर ठेवायचा. घरचे विचारतील पोराचं काय हरवलंय. रांगा.

उंचीबद्दल एकच सांगतो. स्पीकर शोकेसच्या आत काचेमागे ठेवू नका, लोखंडी कपाटावरही नको. बारीक आवाज सरळ रेषेत जातो, त्यामुळे स्पीकरचं तोंड बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवं. आपल्याकडे निम्मी माणसं दिवाणावर आणि निम्मी खाली बसतात, तर मधली उंची धरा.

आता मुख्य प्रश्न, घ्यायचं काय. इथे सगळं मधल्या स्पीकरवर येऊन थांबतं. दोन चांगले स्पीकर असले आणि तुम्ही बरोब्बर मधे बसलात, तर बोलणं टीव्हीच्या मधूनच आल्यासारखं वाटतं. तिथे स्पीकर नसतो, कान स्वतः ती जागा तयार करतो. पण जो बाजूला बसलाय त्याला ते जवळच्या स्पीकरमधूनच येतं. हे फार आधीच कळलेलं आहे. १९३३ मध्ये बेल लॅब्जच्या लोकांनी फिलाडेल्फियातला ऑर्केस्ट्रा तारेवरून वॉशिंग्टनच्या हॉलमध्ये ऐकवला, तेव्हा दोन नाही, तीन वाहिन्या वापरल्या होत्या. हॉलभर पसरलेल्या सगळ्यांनाच काही मधली खुर्ची देता येत नाही. सिनेमागृहात बोलणं मधल्या स्पीकरला देतात तेही याच कारणाने.

म्हणून मेसेजवाल्या मित्राला माझं उत्तर बाबांच्या खुर्चीवर अवलंबून आहे. ती खुर्ची टीव्हीसमोर मधोमध आणता येत असेल, तर अ‍ॅक्टिव्ह बुकशेल्फ स्पीकरची एक जोडी घ्या. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे अँप्लिफायर आतच असलेली. उदाहरणार्थ एडिफायरचा आर१२८०डीबी, चार इंचाचा वूफर, ऑप्टिकल इनपुट, आणि कंपनी सांगते फक्त ४२ वॅट. मला तो आकडाच आवडतो. हा बजेटमध्ये आरामात बसतो, सबवूफर नंतर कधीतरी. लक्षात ठेवा, अशा जोडीला ऑप्टिकलने जोडलं की टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करायचं. नाहीतर आवाजच येत नाही, आणि माणूस स्पीकर खराब समजून परत पाठवतो.

पाचही जणं पसरून बसणार असतील आणि बाबांची जागा कोपऱ्यातली, कुलरसमोरची, ती काही हलणार नसेल, तर मधला वेगळा स्पीकर असलेला बार घ्या. ३.१ किंवा खरा ५.१. 'खरा' म्हणजे मघाशी सांगितलेली दोन्ही भोकं तपासून. सोनीचा एचटी-एस२०आर या जातीचा आहे, बारमध्ये तीन वाहिन्या, मागचे दोन वायरचे, एचडीएमआय एआरसी आणि डॉल्बी डिजिटल. याला टीव्हीच्या ज्या भोकावर 'एआरसी' लिहिलंय त्यातच वायर लावायची आणि इथे उलट, सेटिंग 'ऑटो' किंवा 'बिटस्ट्रीम' ठेवायचं. पीसीएमवर ठेवलं तर हासुद्धा स्टिरिओच होतो. मागचे दोन स्पीकर बसायच्या जागेच्या बाजूला, किंचित मागे हवेत. सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर निदान एक-दीड फूट पुढे ओढा. २.१ चा बार मात्र या घरासाठी नको. त्याला मधला नसतो आणि डावा-उजवाही एकमेकांना चिकटलेले.

अ‍ॅटमॉस? छताला आवाज आपटवणारे स्पीकर? या बजेटमध्ये विसरा भाऊ. खोक्यावर शिक्का असेल, पण पैसा शिक्क्यात जाईल.

आता ऐकून कसं घ्यायचं, हे जरा सावकाश सांगतो. घरातल्या कोणालातरी, आवाज बारीक असेल तर उत्तम, मोबाइलच्या रेकॉर्डरसमोर वीस शब्द वाचायला लावा. साप, ताप, थाप, फार, चार, तार, सात, हात, असे एकमेकांच्या जवळचे, उलटसुलट क्रमाने. मागे हळू कूलर चालू ठेवा. ती फाइल मोबाइलमध्ये घेऊन बाबांना बरोबर घेऊन दुकानात जा. बास शून्यावर आणायला सांगा, आवाज मध्यम ठेवा, शब्द लावा आणि बाबांना ऐकू आला तो शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. तुम्ही मोजा. एका स्पीकरवर सोळा बरोबर आले आणि दुसऱ्यावर अकरा, तर विषय संपला, मग दुसऱ्यावर 'झिंगाट' कितीही भारी वाजो. मात्र दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल असा करून घ्या, कारण जो थोडा मोठा वाजतो तो नेहमी चांगला वाटतो आणि दुकानदाराला हे माहीत असतं. स्पीकर बदलला की शब्दांचा क्रमही बदला, नाहीतर बाबा पाठ करतील.

ऐकायला दिग्रसमध्ये सोय नसेल तर यवतमाळ, किंवा नागपूरला कामाने जाणं झालं तर सीताबर्डी. ऑनलाइन घेणार असाल तर 'रिटर्न' लिहिलंय की फक्त 'रिप्लेसमेंट' ते आधी वाचा. यात मोठा फरक आहे. रिप्लेसमेंट म्हणजे न आवडलेलाच स्पीकर पुन्हा नवीन. सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते पिनकोड टाकून बघा. बारवाल्या संचात सगळं एका बोर्डवर असतं आणि गावातला रेडिओ-टीव्हीवाला त्याला सहसा हात लावत नाही. साध्या जोडीचा अँप्लिफायर गेला तर तो उघडून बघतो तरी. मला विचाराल तर आपल्यासारख्या गावात हा मुद्दा आवाजाइतकाच मोठा आहे.

आणि लाइट. घराला अर्थिंग नीट नसेल तर स्पीकरमधून बारीक हुंम असा आवाज येत राहतो, तो ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा. कंपनीला शिव्या देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. कूलर आणि स्पीकर एका बोर्डावर लावू नका, मोटर चालू-बंद होताना टक्क आवाज येतो. स्पाइक गार्ड लावा, आणि मृगाच्या आधी विजा कडाडायला लागल्या की टीव्ही, डिशची वायर आणि स्पीकर तिन्ही काढून ठेवा. उंदरांसाठी वायर पट्टीतून भिंतीवरून न्या, सोफ्यामागून मोकळी सोडू नका.

रात्री दहानंतर आवाज घराबाहेर जाऊ देऊ नका. वस्तीत रात्रीची मर्यादा नियमाने ४५ डेसिबल आहे, आणि शेजाऱ्याची भिंत आपलीच भिंत असते. नाइट मोडचं बटण लक्षात आहे ना.

मित्रा, शब्दांची परीक्षा घेतली की बाबांचे किती बरोबर आले ते कळव. बाकीच्यांनीही आपापल्या हॉलचं माप, बसायची जागा आणि घरात कमी कोणाला ऐकू येतं, एवढं लिहून पाठवा. टीव्हीचे इंच नाही पाठवले तरी चालतील. भेटू पुढच्या भागात.